अमाल्फीच्या उतारावरची हॉटेले

इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला सोरेन्तोचे द्वीपकल्प समुद्रात घुसले आहे. त्याची दक्षिण बाजू, म्हणजे सालेर्नोच्या आखाताकडे तोंड केलेली बाजू, अमाल्फी किनारा म्हणून ओळखली जाते. पोझितानो, कोंका देई मारीनी, अमाल्फी, अत्रानी, रावेल्लो, मायोरी, व्हिएत्री ही तिथली मुख्य गावे. पाठीशी लात्तारी डोंगरांची चुनखडीची रांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर १,४४४ मीटर भरते, आणि ते समुद्रापासून फार दूर नाही. त्यामुळे या किनाऱ्यावर सपाट जागा जवळजवळ नाहीच. घर, देऊळ, शेत, रस्ता, जे काही उभे राहिले ते उतारावरच. इथल्या अनेक हॉटेलांचा मुख्य दरवाजा सर्वांत वरच्या मजल्यावर, रस्त्याला लागून असतो. पाहुणा तिथून एकेक मजला उतरत खोलीत, बागेत आणि शेवटी पाण्याच्या कडेला पोचतो. आज अशा खोलीसाठी युरोपातले चढे भाडे मोजले जाते. कित्येक शतके मात्र याच उताराने इथल्या माणसांची कंबर मोडली होती.

मध्ययुगात अमाल्फी हे सागरी प्रजासत्ताक होते. ८३९ मध्ये ते स्वतंत्र झाले. त्याची जहाजे पूर्व भूमध्य समुद्रातल्या बंदरांपर्यंत व्यापार करत, आणि त्याचे सागरी कायदे इतर बंदरांतही प्रमाण मानले जात. नॉर्मनांची सत्ता आणि ११३५ व ११३७ मधल्या पिसाच्या स्वाऱ्या यांनी हे वैभव ओसरले. नोव्हेंबर १३४३ मधल्या प्रचंड वादळी लाटांनी बंदर आणि खालच्या गावाचा मोठा भाग गिळला. त्यानंतर समुद्राची कमाई घटली आणि समुद्राचे भय तेवढे उरले. १५५८ मध्ये तुर्की आरमाराने सोरेन्तो आणि मास्सा ही गावे लुटून शेकडो माणसे गुलाम म्हणून नेली. तेव्हा हा मुलूख स्पेनच्या ताब्यात होता. त्याच शतकात स्पॅनिश व्हाइसरॉयांनी किनाऱ्यावर टेहळणी बुरुजांची साखळी उभी केली. प्रत्येक बुरुजावरून शेजारचा बुरूज दिसावा, एकाने धूर किंवा जाळ केला की पुढच्याने तो पुढे कळवावा, अशी ती योजना होती. भिक्षूंचे मठही हल्लेखोरांना सहजी चढता येणार नाही अशा कड्यांवर बांधले गेले. दूरवरचा समुद्र दिसणाऱ्या या जागा माणसांनी प्रथम निवडल्या त्या जीव वाचवण्यासाठी.

उताराला आजचे रूप दिले ते शेतीने. डोंगर टप्प्याटप्प्यांनी कापायचा, प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी दगडी बांध घालायचा आणि मागच्या पोकळीत टोपल्यांनी वाहून आणलेली माती भरायची, असे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. कोकणातल्या गडग्याप्रमाणे हे बांध नुसत्या दगडावर दगड रचून केलेले असतात. त्यांत चुना नाही की सिमेंट नाही. फटींतून पावसाचे पाणी झिरपून जाते, म्हणून मागच्या मातीचा दाब वाढत नाही आणि बांध टिकतो. काही ठिकाणी तो दोन-तीन पुरुष उंच आहे. या टप्प्यांवर चेस्टनटच्या लाकडी खांबांचे मांडव घालून त्यांवर लिंबाच्या फांद्या चढवतात. हे लिंबू लांबट, टोकदार आणि जाड सालीचे असते. लांबच्या सफरींत खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर लिंबू हा उतारा असल्याने त्याला बाहेर मोठी मागणी होती. बागेतून समुद्रापर्यंत माल नेण्याचे काम बायकांचे. पन्नास किलोहून जड टोपली पाठीवर घेऊन त्या शेकडो पायऱ्या उतरत आणि पुन्हा चढत. मुंग्यांसारख्या एकामागे एक जाणाऱ्या या बायकांना गावचे लोक ‘फोर्मिकेल्ले’, म्हणजे छोट्या मुंग्या, म्हणत.

मठ हॉटेल बनण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. नेपोलियनच्या घराण्याकडे नेपल्सचे राज्य आल्यावर तिथे अनेक मठ बंद करण्यात आले, आणि कड्यांवरच्या भक्कम इमारती ओस पडल्या. अमाल्फीचा काप्पुचिनी मठ १२१२ मध्ये कार्डिनल पिएत्रो कापुआनो याने स्थापला होता. पुढे १५८३ मध्ये तो कापुचिन भिक्षूंकडे आला, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे प्रवासी उतरू लागले. गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या फ्रान्सिस्कन मठाचे ‘लुना’ हॉटेल झाले. हेन्रिक इब्सेन १८७९ मध्ये तिथे राहिला आणि ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचे लेखन त्याने तिथे केले. इमारतींत फार बदल करावा लागला नाही. भिक्षूची खोली पाहुण्याची खोली झाली, चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या बसण्या-फिरण्याची जागा झाल्या. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा मिळे. भिक्षूंनी भाजी लावलेल्या गच्चीवर आता जेवणाची टेबले मांडली गेली.

त्याच शतकाच्या मध्यास नेपल्सच्या बूर्बों राजांनी कड्यांच्या पोटातून व्हिएत्री ते पोझितानो असा गाडीरस्ता काढला. तोवर गावात यायचे म्हणजे होडीने, नाही तर खेचराच्या पाठीवर बसून. रस्त्याने प्रवासी आणले, तसा डोंगराचा पायथाही कापला. २२ डिसेंबर १८९९ रोजी काप्पुचिनी हॉटेलाखालचा मोठा कडा सुटून समुद्रात कोसळला. हॉटेलचा काही भाग त्याबरोबर गेला आणि माणसे दगावली. हॉटेल पुढे दुरुस्त झाले आणि चालूही राहिले.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटरवरच्या रावेल्लोची कथा परदेशी धनिकांशी जोडलेली आहे. फ्रान्सिस नेव्हिल रीड या स्कॉटिश गृहस्थाने १८५१ मध्ये पडझड झालेला व्हिला रुफोलो विकत घेऊन बाग नव्याने लावली. मे १८८० मध्ये रिचर्ड वाग्नरने ती पाहिली आणि आपल्या ‘पार्सिफाल’ या संगीतनाट्यातली जादूची बाग त्याला तिथे सापडली. १९०४ मध्ये अर्नेस्ट बेकेट या इंग्रज बँकरने व्हिला चिंब्रोने घेतला. त्याने निकोला मान्सी या स्थानिक माणसाच्या मदतीने तिथे बुरूज, कमानी आणि कड्याच्या टोकाशी संगमरवरी अर्धपुतळ्यांची गच्ची रचली. पाहणाऱ्याला ती मध्ययुगीन वाटते, पण तिचा बराचसा भाग विसाव्या शतकातला आहे. जुन्याची आवड असणाऱ्या पाहुण्यासाठी जुने घडवायचे, या रीतीचा हा या किनाऱ्यावरचा आद्य नमुना म्हणता येईल. व्हिला चिंब्रोने पुढे हॉटेल झाले.

पोझितानोचे दैन्य सर्वांत खोल होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली बहुसंख्य माणसे पोट भरायला अमेरिकेला, विशेषतः न्यूयॉर्कला गेली. बंद घरांच्या या गावात भाडे नाममात्र असे, म्हणून चित्रकार आणि लेखक तिथे येऊन राहू लागले. १९५१ मध्ये सेर्साले कुटुंबातल्या चार भावंडांनी आपल्या उन्हाळी घराचे ‘ले सिरेनुझे’ हे हॉटेल केले. सुरुवातीला खोल्या अवघ्या आठ होत्या, आणि सामान घरातले. त्यांच्यातला पाओलो सेर्साले गावचा महापौर होता. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक याच हॉटेलात उतरला आणि १९५३ मध्ये ‘हार्पर्स बझार’ मासिकात त्याचा पोझितानोवरचा लेख आला. त्या लेखाने गावाचे नाव अटलांटिकपार नेले. आदल्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथने पोझितानोतल्या आपल्या हॉटेलच्या सज्जातून पहाटे वाळूवर एकटाच चालणारा एक तरुण पाहिला होता. तिच्या कादंबऱ्यांतल्या रिप्ली या पात्राचे बीज त्यात होते. गावाबाहेरच्या कड्यावर कार्लो चिंक्वे याने कित्येक वर्षे खडक फोडून ‘सान पिएत्रो’ बांधले. ते १९७० मध्ये उघडले. रस्त्यावरून पाहता त्याचे अस्तित्वही लक्षात येत नाही. आतली लिफ्ट मात्र खडकाच्या पोटातून थेट समुद्रापर्यंत उतरते.

आज ज्याला ‘रेट्रो’ थाट म्हणतात, तो याच काळात घडला. त्याचा पाया व्हिएत्रीच्या चिनीमातीत आहे. या गावातले कारागीर शतकानुशतके भांडी आणि फरश्या घडवत आले होते. १९२०-३० च्या दशकांत रिशार्ड ड्योलकर, इरेने कोवालिस्का अशा परदेशी कलावंतांनी तिथे राहून मासे, गाढवे, कोळी अशी साधी, ठळक चित्रे रुजवली. पांढऱ्या भिंती, हाताने रंगवलेल्या फरश्या आणि वेताच्या खुर्च्या ही हॉटेलांची ओळख बनली. द्वीपकल्पाच्या उत्तर अंगाला, सोरेन्तोच्या कड्यावर, मिलानचा वास्तुकार जिओ पोंती याने १९६२ मध्ये ‘पार्को देई प्रिंचिपी’ पूर्ण केले. त्यात त्याने निळा आणि पांढरा हे दोनच रंग वापरले. फरशीचे ३० नमुने काढले आणि ते फिरवून-जुळवून सुमारे शंभर खोल्यांची जमीन वेगवेगळी केली. एका नमुन्यात चंद्रकोर, दुसऱ्यात पाने, तिसऱ्यात नुसते अर्धे-अर्धे त्रिकोण, आणि दाराबाहेर त्याच निळ्याचा समुद्र. या इमारतीची छाप तिथल्या हॉटेलांवर अजूनही दिसते.

मात्र त्याच दशकात या धंद्याने ओरबाडायलाही सुरुवात केली. व्हिएत्रीजवळ फुएंती इथे १९६८ नंतर डोंगर कापून एक अवाढव्य काँक्रीट हॉटेल उभे राहिले. लोक त्याला राक्षसच म्हणत. तीन दशकांच्या कोर्टकज्ज्यांनंतर १९९९ मध्ये ते पाडण्यात आले. तोवर, १९८७ मध्ये, प्रादेशिक कायद्याने संपूर्ण द्वीपकल्पावरच्या बांधकामाला कडक मर्यादा घातल्या होत्या, आणि १९९७ मध्ये अमाल्फी किनारा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. नवी इमारत उठवणे जवळपास अशक्य झाल्यावर पैसा जुन्या इमारतींकडे वळला. कोंका देई मारीनीतला सांता रोझा हा सतराव्या शतकातला जोगिणींचा मठ २०१२ मध्ये वीस खोल्यांचे हॉटेल होऊन उघडला. ‘सांता रोझा’ या नावाने प्रसिद्ध असलेली पापुद्र्यांची मिठाई परंपरेने याच मठाची मानली जाते. त्याच गावाजवळचे १९६० च्या दशकातले एक हॉटेल २०२१ मध्ये ‘बोर्गो सांतांद्रेआ’ म्हणून नव्याने सुरू झाले. त्याने साठच्या दशकाचाच थाट जपला, फरश्या आणि लाकडी सामानासकट. जुन्याची हौस खरीच, पण तिला कायद्याने मोठे बळ दिले.

या सगळ्या डोलाऱ्याला धरून ठेवणारी गोष्ट मात्र हॉटेलांच्या जाहिरातींत क्वचित दिसते. ती म्हणजे दगडी बांध. २५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री ढगफुटीने सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी या भागात दरडी आणि चिखलाचे लोंढे आले आणि ३०० हून अधिक माणसे मेली. सप्टेंबर २०१० मध्ये अत्रानीच्या गल्लीतून पुराचा लोंढा गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमाल्फीच्या वेशीवर दरड कोसळून किनाऱ्याचा एकमेव मोठा रस्ता बंद पडला. मुसळधार पाऊस इथे नवा नाही. पण लिंबाची शेती परवडेनाशी झाल्याने टप्पे ओस पडत आहेत, तरुण मुले हॉटेलांत कामाला जातात आणि ढासळलेला दगड पुन्हा रचणारे हात कमी झाले आहेत. बांधाचा एक दगड निखळला की पाणी तिथून वाट काढते, एक टप्पा बसतो आणि खालच्यावर येतो. लिंबाला २००१ मध्ये युरोपीय संघाचा भौगोलिक संरक्षणाचा दर्जा मिळाला. त्याने भावाला थोडा आधार दिला, पण उतारावरची मजुरी त्यातून पुरती सुटत नाही.

पाहुणा ज्या देखाव्याचे पैसे मोजतो, तो मठ बांधणाऱ्यांनी हेरला आणि शेतकऱ्यांनी व टोपल्या वाहणाऱ्या बायकांनी घडवला. हॉटेलवाल्यांना तो तयार मिळाला. तेव्हा फरशी, पडदे आणि तरणतलाव यांच्या बरोबरीने बांधांची डागडुजी हीदेखील हॉटेलच्या खर्चाची बाब धरली गेली पाहिजे. बांध राहिले तरच त्यांच्या माथ्यावरची खोली राहणार आहे.