नृसिंहवाडीतील सार्वजनिक इमारती आणि ऊर्जा संवर्धनाचा कायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) हे दत्तसंप्रदायाचे प्रमुख तीर्थक्षेत्र होय. अशा गावातील लहान सार्वजनिक इमारतींना ऊर्जा संवर्धनाच्या धोरणात कोणते स्थान मिळाले, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विजेपूर्वीची बांधणी :
कोल्हापूरचे नगरमंदिर (टाऊन हॉल) 1872 ते 1876 या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले. त्या काळी उजेड आणि गारवा यांची सोय बांधणीतूनच करावी लागे. जाड दगडी भिंती आणि उंच छत यांमागे सौंदर्यदृष्टीइतकीच ही गरज होती. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. वीज गावोगावी पोहोचली, तशी ही सोय दिवे व पंख्यांवर सोपविली गेली.

कायद्याची मर्यादा :
ऊर्जा संवर्धन अधिनियम 2001 मध्ये संमत झाला. त्यातील इमारतीच्या व्याख्येसाठी 500 किलोवॅट जोडभाराची अट होती. 2010 च्या दुरुस्तीने ती 100 किलोवॅटवर आली. 2007 ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिताही मोठ्या इमारतींसाठीच होती. आता एखाद्या ग्रामपंचायत कार्यालयात दहा जुन्या नळ्या (प्रत्येकी सुमारे 55 वॅट) व दहा पंखे (प्रत्येकी 75 वॅट) आहेत असे मानले, तर एकूण भार 1.3 किलोवॅट होतो. एलईडी नळ्या व कमी विजेचे पंखे बसविल्यास तो सुमारे 0.5 किलोवॅटवर येतो. वर्षातील 300 दिवस रोज आठ तास वापर धरल्यास सुमारे 1,920 युनिटची बचत होते. मात्र अशी इमारत कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते. 2022 च्या दुरुस्तीनंतरही 100 किलोवॅट हीच सर्वसाधारण मर्यादा आहे. ती कमी करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे.

महापुराचा प्रश्न :
2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोळ तालुका जलमय झाला. मीटर, वितरणपेटी व तारा पाण्याखाली गेल्यास बचतीसाठी केलेला खर्चही पाण्यात जातो. पाणी चढू लागताच येथे उत्सवमूर्ती उंच जागी हलविली जाते. पूररेषेचे हे भान मंदिराच्या परिपाठात आहे. सरकारी इमारतींच्या विद्युत आराखड्यात मात्र ते प्रथमपासूनच असावयास हवे.

निष्कर्ष :
1. ऊर्जा संवर्धनाचा कायदा मोठ्या इमारतींपासून सुरू झाला. ग्रामीण सार्वजनिक इमारती त्याच्या कक्षेत आल्या नाहीत.
2. एका लहान इमारतीतील बचत अल्प असली, तरी शाळा, उपकेंद्रे व कार्यालये यांची संख्या पाहता एकत्रित बचत मोठी ठरते.
3. नदीकाठच्या गावांत विद्युत उपकरणे पूररेषेच्या वर बसविणे हा ऊर्जाबचतीचाच भाग मानला पाहिजे.
4. राज्य शासनाने आपल्या अधिकारात ही मर्यादा खाली आणल्यास नृसिंहवाडीसारख्या गावांना त्याचा लाभ मिळू शकेल.