प्रेमचंद रायचंद यांची कलकत्त्याची देणगी

मुंबई विद्यापीठाच्या आवारांतील राजाबाई मनोऱ्याशीं प्रेमचंद रायचंद हें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. मातेचें नांव चालावें म्हणून त्यांनीं मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. ग्रंथालयासाठीं दिलेले दोन लाख निराळेच. परंतु याच गृहस्थाचे दोन लाख कलकत्त्याच्या विद्यापीठासहि मिळाले, व त्यांतून १८६६ सालीं तेथील नामांकित शिष्यवृत्ति निघाली, ही गोष्ट महाराष्ट्रांत फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. मनोरा डोळ्यांना दिसतो, शिष्यवृत्ति दिसत नाहीं, हेंच त्याचें कारण असावें.

प्रेमचंद १८३१ सालीं सुरतेस जन्मले आणि मुंबईंत दलालीच्या धंद्यांत पुढें आले. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. शहरांत पैशाचा पूर लोटला. बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढण्याच्या कंपनीचे भाग मूळ किंमतीच्या कितीतरी पटींनीं विकूं लागले. वकील, कारकून, पेन्शनर सारेच त्या नादीं लागले. या व्यवहारांचीं बरींचशीं सूत्रें प्रेमचंदांच्या हातीं होतीं. १८६५ सालीं युद्ध संपलें. १ जुलै रोजीं वायद्यांची मुदत भरली, तेव्हां मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. प्रेमचंदहि सुटले नाहींत. बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचें मोठें वजन होतें. ती बँकहि पुढें बुडाली, आणि तो दोष लोकांनीं त्यांच्या माथीं मारला. तो सर्वस्वीं खोटा होता असें म्हणवत नाहीं.

दाता असा बुडाला. कलकत्त्याचें दान मात्र तरलें. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं, केवळ व्याज खर्चावयाचें, ही साधी व्यवस्था त्याच्या मुळाशीं होती. दोन लाखांवर शेंकडा पांच दरानें वर्षाचे दहा हजार होतात. दरसाल एक विद्यार्थी निवडावा, त्यास वर्षाला दोन हजार याप्रमाणें पांच वर्षें द्यावे, म्हणजे एका वेळीं पांच जणांचा निर्वाह होतो. हिशेब व्यापाऱ्यास शोभेलसाच होता. त्या काळीं दोन हजार रुपयांत विद्वान मनुष्य नोकरीच्या पाठीमागें न धांवतां वाचीत बसूं शकत असे, आणि हीच त्या वृत्तीची खरी किंमत.

१८८६ सालीं ही शिष्यवृत्ति आशुतोष मुखर्जी यांनीं मिळविली. तेच पुढें त्या विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १८९७ सालीं ती यदुनाथ सरकार यांजकडे आली. शिष्यवृत्ति घेणाऱ्यानें संशोधनपर निबंध सादर करावा असा दंडक होता. यदुनाथांचें एम्. ए. इंग्रजी वाङ्मयांत झालेलें, परंतु निबंधासाठीं त्यांनीं औरंगजेबाच्या काळचा हिंदुस्थान निवडला, फारशी साधनें धुंडाळलीं, आणि १९०१ सालीं तो निबंध ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. मोंगल दरबाराचीं कागदपत्रें शोधीत दक्षिणेकडे वळल्यावर मराठ्यांशीं गांठ पडणें अपरिहार्यच होतें. बडोद्यास नोकरीस असलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांशीं १९०४ पासून त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांतून जन्माचा स्नेह जडला, आणि कामशेतच्या घरीं यदुनाथांचें येणें-जाणें घडूं लागलें. पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार या दोघांच्या देखरेखीखालीं छापून निघाला.

१९१९ सालीं यदुनाथांचा शिवाजीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला. फारशी कागदांवर त्यांची भिस्त अधिक, मराठी बखरींवर कमी. पुण्याच्या संशोधकांना हें रुचणें शक्य नव्हतें. त्यांचे कांहीं आक्षेप रास्तहि होते. मात्र त्या ग्रंथाला उत्तर द्यावयाचें तर पुराव्यानिशीं, हें दोन्ही पक्षांना मान्य करावें लागलें.

प्रेमचंद १९०६ सालीं निवर्तले; शिवाजीवरील तो ग्रंथ निघावयास तेव्हां तेरा वर्षें अवकाश होता.