बॅटरी नाही, वायर नाही, तरी पुलावरचा ताण कसा मोजतात?

गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. त्या स्टिकरमध्ये एक पातळ अँटेना आणि साखरेच्या दाण्याएवढी चिप असते, बस्स. टोलनाक्यावरच्या रीडरमधून रेडिओ लहरी येतात. त्या लहरींमधूनच चिपला वीज मिळते, ती जागी होते, आपला नंबर सांगते आणि गाडी पुढे गेली की पुन्हा गप्प होते.

आता समजा, असाच एक टॅग पुलाच्या लोखंडी तुळईवर चिकटवला आणि त्याने नंबरासोबत 'ही तुळई किती ताणली गेली आहे' हेही सांगितलं तर? असे सेन्सर खरोखर बनवले गेले आहेत. ते कसे काम करतात, कुठे उपयोगी पडतात आणि कुठे कमी पडतात, हे या लेखात पाहूया.

नेमकं काय मोजायचं असतं?

दोन गोष्टी मोजायच्या असतात. पहिली स्ट्रेन, म्हणजे पाठ्यपुस्तकातली 'विकृती'. एखादी वस्तू मूळ लांबीच्या तुलनेत किती ताणली किंवा दबली गेली, त्याचं हे प्रमाण. १ मीटरची पट्टी १ मायक्रोमीटरने लांबली, तर ती झाली १ मायक्रोस्ट्रेन. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून हे माप किती बारीक आहे ते लक्षात येईल. बांधकामातलं साधं स्टील सुमारे १२५० मायक्रोस्ट्रेनपर्यंत ताणलं तरी सोडल्यावर मूळ लांबीवर येतं. त्यापुढे ते कायमचं वाकायला किंवा लांबायला लागतं.

दुसरी गोष्ट विस्थापन, म्हणजे एखादा भाग जागेवरून किती सरकला. पुलाच्या दोन भागांमधली फट किती वाढली, भिंतीतला तडा किती रुंदावला, हे त्यात येतं. तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची आणि ती फुटली की तडा वाढतोय असं समजायचं, हा त्यासाठीचा जुना आणि आजही चालणारा उपाय. पण काच फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगते. किती मिलीमीटर, ते सांगत नाही.

वायरवाला उपाय चांगला आहे, मग अडचण काय?

स्ट्रेन गेज १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधला. आजच्या गेजमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूची नागमोडी तार असते. पृष्ठभाग ताणला की ती तार लांब आणि बारीक होते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. १२० ओहमच्या साध्या गेजवर १००० मायक्रोस्ट्रेन आली, तर रोध फक्त ०.२४ ओहमने वाढतो. इतका छोटा बदलही नीट मोजता येतो. म्हणून हे तंत्र इतकी वर्षं टिकून आहे.

अडचण आहे ती वायरची आणि बॅटरीची. प्रत्येक गेजपासून रेकॉर्डरपर्यंत वायर न्यावी लागते. नवा पूल बांधतानाच ती टाकली तर ठीक. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात २००८ मध्ये उघडलेल्या आय-३५ डब्ल्यू पुलात ३०० हून अधिक सेन्सर बांधकामावेळीच बसवले गेले. पण जुन्या पुलावर वायरचं जाळं टाकणं खर्चिक पडतं. वायरलेस सेन्सर लावला तर वायर वाचते, पण बॅटरी आली. पूल ५० ते १०० वर्षं वापरायचा असतो, तर बॅटरी काही वर्षांत संपते. ती बदलायला दर वेळी नदीवर लटकून पुलाच्या पोटाखाली जावं लागतं. काँक्रीटच्या आत गाडलेल्या सेन्सरची बॅटरी तर बदलताच येत नाही.

म्हणून प्रश्न असा येतो: वीज सेन्सरमध्ये साठवण्याऐवजी विचारणाऱ्यानेच सोबत आणली तर?

ही कल्पना आधी हेरगिरीत वापरली गेली

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूताच्या निवासस्थानी सात वर्षं भिंतीवर होतं. १९५२ मध्ये त्याच्या आत ऐकण्याचं यंत्र सापडलं. ते लेव्ह तेरमेन या रशियन संशोधकाने बनवलं होतं. त्यात ना बॅटरी होती ना वायर. बाहेरून रेडिओ लहरींचा झोत टाकला की तेवढ्यापुरतं ते जिवंत व्हायचं. खोलीतल्या आवाजाने आतला पातळ पडदा किंचित हलायचा आणि परत जाणाऱ्या लहरींमध्ये तसाच बदल व्हायचा.

नीट पाहिलं तर हा दुरून वीज घेणारा विस्थापन सेन्सरच होता. फक्त पडदा हलवत होता तो माणसांचा आवाज.

अँटेनाच सेन्सर कसा होतो?

बासरी आठवा. लांब बासरीचा स्वर खालचा, आखूड बासरीचा वरचा. अँटेनाचंही असंच आहे. तिच्या लांबीवरून ती कोणत्या फ्रीक्वेन्सीला सर्वात चांगला प्रतिसाद देणार, हे ठरतं. अँटेना तुळईला घट्ट चिकटवली, तर तुळईसोबत तीही ताणली जाते आणि तिचा 'स्वर' थोडा उतरतो.

किती उतरतो? ढोबळ हिशोब असा: लांबी जेवढ्या प्रमाणात वाढते, तेवढ्याच प्रमाणात फ्रीक्वेन्सी घटते. १००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे ०.१ टक्का. ८६५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या टॅगची फ्रीक्वेन्सी सुमारे ०.८६५ मेगाहर्ट्झने, म्हणजे ८६५ किलोहर्ट्झने खाली येईल.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१० नंतर असे आरएफआयडी टॅग बनवून धातूवर तपासले. त्यांची वाचण्याची पद्धत मजेशीर आहे. रीडर वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर हळूहळू ताकद वाढवत जातो आणि टॅग कधी जागा होतो ते पाहतो. ज्या फ्रीक्वेन्सीला सर्वात कमी ताकदीत टॅग उठतो, तोच त्याचा सध्याचा स्वर. चिपचा नंबरही सोबत मिळतो, त्यामुळे पन्नास टॅगपैकी कोण बोलतंय हेही कळतं.

विस्थापनासाठी दुसरा मार्ग आहे. एक कॉइल आणि एक कपॅसिटर जोडला की त्या जोडीलाही स्वतःची फ्रीक्वेन्सी असते. कपॅसिटरची एक प्लेट तड्याच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला लावायची. तडा वाढला की प्लेट सरकतात आणि फ्रीक्वेन्सी बदलते. जुन्या रेडिओचं स्टेशन लावायचं बटण आत नेमकं हेच करायचं. इथे बटण माणूस फिरवत नाही, तडा फिरवतो. यात चिपही लागत नाही. पण रीडरची कॉइल बरीच जवळ न्यावी लागते.

हवेतून वीज मिळते तरी किती?

फार थोडी. रीडरची परिणामी ताकद ४ वॉट आणि फ्रीक्वेन्सी ८६५ मेगाहर्ट्झ धरली, तर मोकळ्या हवेत ५ मीटरवरच्या साध्या अँटेनाला सुमारे १२० मायक्रोवॅट मिळतात. अंतर दुप्पट केलं की वीज चौथाई होते, म्हणजे १० मीटरवर फक्त ३० मायक्रोवॅट. फोनच्या स्क्रीनला याच्या हजारो पट वीज लागते. आरएफआयडी चिपला मात्र दहाएक मायक्रोवॅट पुरतात, म्हणून हे सगळं जमतं. मध्ये ओलं काँक्रीट आलं की अंतर आणखी कमी होतं.

तुमच्या फोनने हे वाचता येईल का?

काही प्रमाणात, हो. फोनमधलं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि काही सेंटिमीटरवरच्या चिपला वीज देऊ शकतं. सेन्सर जोडता येतील अशा एनएफसी चिप बाजारात आहेत. पण फोन आपली फ्रीक्वेन्सी वर-खाली करून अँटेनाचा स्वर शोधत बसत नाही. त्यामुळे मोजमाप चिपनेच करून आकडा फोनला द्यावा लागतो.

शरीरातही उपयोग

हाड मोडल्यावर कधी कधी ऑपरेशन करून धातूची प्लेट बसवतात. सुरुवातीला बराचसा भार प्लेट घेते. हाड जुळत गेलं की ते भार उचलायला लागतं आणि प्लेटवरची स्ट्रेन कमी होते. तुर्कस्तानातल्या बिल्केंत विद्यापीठातल्या हिल्मी वोल्कान देमिर यांच्या गटाने यासाठी बॅटरीशिवाय चालणारे सेन्सर विकसित करण्यावर काम केलं. पुढे याच गटाने तशा सेन्सरने काँक्रीटमधल्या सळयांची स्ट्रेन आणि विस्थापन दुरून मोजण्याचे प्रयोगही केले.

अडचणी कोणत्या?

• तापमान: स्टील दर अंश सेल्सिअसला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावतं. पहाटे आणि दुपारी पुलाच्या तापमानात २५ अंशांचा फरक पडला, तर एकही गाडी न जाता ३०० मायक्रोस्ट्रेन दिसेल. म्हणून तापमान वेगळं मोजून ते वजा करावंच लागतं.
• धातू: साधा टॅग धातूवर थेट चिकटवला तर नीट चालत नाही. त्यासाठी अँटेनाची रचना वेगळी लागते.
• गोंद: तो ढिला झाला तर तुळई ताणली जाते, पण सेन्सर ताणला जात नाही.
• सुरुवातीचा आकडा: सेन्सर फक्त चिकटवल्यानंतरचा बदल सांगतो. त्याआधी तुळई स्वतःच्या वजनाने किती ताणली गेली होती, ते त्याला माहीत नसतं.

आणि सर्वात मोठी मर्यादा

असा सेन्सर विचारल्याशिवाय बोलत नाही. बॅटरीवाला सेन्सर रात्री दोन वाजता स्वतःहून अलार्म देऊ शकतो. हा मात्र रीडर समोर येईपर्यंत झोपलेला असतो. म्हणजे रीडर घेऊन ठरावीक दिवशी जाणारा माणूस, आकड्यांची नोंद आणि आकडा वाढल्यावर निर्णय घेणारा अधिकारी, हे तिघेही या यंत्रणेचाच भाग आहेत.

मिनियापोलिसचा आधीचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जणांचा जीव गेला. तुळयांचे सांधे जोडणाऱ्या प्लेट हव्या होत्या त्याच्या साधारण निम्म्याच जाडीच्या होत्या, असं तपासात निघालं. त्या प्लेट वाकलेल्या असल्याचं काही वर्षं आधीच्या फोटोंमध्येही दिसत होतं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. तो धोकादायक आहे, हे आधीच माहीत होतं.

या दोन्ही ठिकाणी धोक्याची खूण आधीपासून होती. सेन्सर त्या खुणेचा नेमका आकडा देऊ शकतो, तोही बॅटरी न बदलता वर्षानुवर्षं. पण त्या आकड्यावरून पूल वेळेत बंद करायचं काम माणसांनाच करावं लागेल.