चिपाडावरचा जाळ

कुंडलचा इतिहास सांगायला बसलेला माणूस डोंगरावरच्या पार्श्वनाथापासून सुरुवात करतो, औंध संस्थानावरून स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारवर येतो आणि जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेपाशी थांबतो. त्यात चूक काही नाही. पण कृष्णा आणि येरळेच्या मधल्या या पट्ट्यात दिवाळीनंतर दर हंगामात पेटणाऱ्या चुलवाणांचाही, म्हणजे गुऱ्हाळांच्या भट्ट्यांचाही, एक इतिहास आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. आज इथला ऊस मुख्यतः कारखान्याला जातो. खुद्द कुंडललाच बापूंच्या नावाचा सहकारी कारखाना आहे. त्याआधी कित्येक पिढ्या ऊस म्हणजे गूळच होता, आणि गूळ करायचा म्हणजे आधी जळणाची सोय बघायची.

जळणाचं गणित गुऱ्हाळात किती अटीतटीचं असतं, ते एका काहिलीवरून कळतं. काहिलीत 1000 लिटर रस ओतला तर त्यातला साधारण चार पंचमांश भाग नुसतं पाणी. हाती गूळ लागणार अंदाजे 200 किलो. बाकीच्या पाण्याची वाफ करून ती आढ्यातून बाहेर घालवायची. पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास सातपट ते पूर्ण आटवायला लागते. एवढं सगळं भागवायचं कशावर, तर त्याच उसाच्या चिपाडांवर. चिपाडं सरली की बाभळ, तुरीच्या काड्या, उसाचा पाला, जे मिळेल ते. लाकूड विकत आणावं लागलं की गुळातला नफा चुलवाणातच गेला म्हणून समजावं.

जुनं चुलवाण म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, वर काहील, एका बाजूला जाळ घालायचं तोंड. ज्या चुलवाणांना धुराडं नसे, तिथे धूर, ज्वाळा आणि उष्णता काहिलीच्या कडेनं वाट मिळेल तिथून बाहेर पडत. जाळ मोठा दिसे, आसपासची माणसं भाजून निघत, आणि रस मात्र आपल्या चालीनं तापे. जाळ दिसणं वेगळं आणि तो काहिलीच्या बुडाला लागणं वेगळं. ही गोष्ट थंड देशांतल्या लोकांनाही अशीच उशिरा उमगली. भिंतीतल्या उघड्या शेकोटीतली बहुतेक ऊब धुराड्यातून आभाळात जाते हे ओळखून बेंजामिन फ्रँकलिननं 1740च्या दशकात लोखंडी शेगडी बनवली. 1796मध्ये काउंट रमफर्डनं शेकोटीचा गळाच अरुंद करून दाखवला. आज तिकडे त्याच जुन्या शेकोटीत दारवाली पोलादी पेटी बसवतात. तिच्यासोबत येणाऱ्या सूचना अशा असतात: लाकूड वाळलेलंच घाला, हवा मापात सोडा, धुराडं दरवर्षी साफ करा. यातली पहिली तरी आपल्या गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, शिकवावी लागली नसती.

कुंडलच्या वेशीजवळ जळणाचा हा मामला बदलला तो चुलवाणामुळे नव्हे, तर लोखंडामुळे. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला. 1910मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि सापांसाठीच प्रसिद्ध असलेल्या त्या माळावर लोखंड ओतायची भट्टी पेटली. तिथून नांगर बाहेर पडले, कडबा कापायची यंत्रं निघाली आणि उसाचे चरकही. पुढे 1920च्या दशकात पंपही निघू लागले. पाणी वर चढू लागलं तसा ऊस वाढायला वाटही मोकळी झाली.

चरकाचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजू सहसा कुणी बोलून दाखवत नाही. लाकडी घाण्यात बराच रस चिपाडातच राही. तो वाया जाई हे खरं, पण त्यातली साखर चिपाडासोबत जळत असे, आणि काहिलीत आटवायला रसही कमी असे. लोखंडी चरकानं तेवढ्याच उसातून जास्त रस काढला. म्हणजे आटवायचं पाणी वाढलं आणि त्या मानानं जळण घटलं. यंत्रानं शेतकऱ्याच्या पदरात जास्त गूळ टाकला आणि जाळ घालणाऱ्याच्या डोक्यावर जास्त काम. अशा वेळी जुना खड्डा तसाच ठेवून भागणारं नव्हतं. जुन्या शेतकी साहित्यात ‘पूना’, ‘सिंदेवाही’, ‘मॅकग्लॅशन’ अशा नावांच्या सुधारित भट्ट्या भेटतात. त्यांच्यामागे जळणाच्या टंचाईचा हा रेटाही असणार.

सुधारणा तशा साध्याच होत्या. खाली लोखंडी जाळी, म्हणजे राख पडून जाईल आणि हवा जळणाच्या बुडाशी लागेल. मागे उंच धुराडं, म्हणजे ओढ बसेल आणि जाळ काहिलीच्या बुडाखालून सरकत जाईल. पुढे त्या वाटेवर दुसरी काहील बसली. पहिलीखालून निसटलेली उष्णता दुसरीतला कच्चा रस तापवू लागली. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी अशा भट्ट्यांवर पुढेही काम केलं.

चिपाड मात्र कोणत्याही भट्टीत वाळलेलंच लागतं. चरकातून निघालेल्या ताज्या चिपाडाचं निम्मं वजन पाण्याचंच असतं. तसंच आत ढकललं तर काहिलीतल्या पाण्याआधी चिपाडातलं पाणी आटवण्यातच जाळ खर्ची पडतो, आणि अर्धवट जळून धूर होतो तो वेगळाच. म्हणून गुऱ्हाळाभोवतीचं अंगण चिपाडांनी भरलेलं असतं. ती उलटीपालटी करून उन्हात वाळवायची आणि मग रचायची. अवकाळी पावसाची एक सर आली की पुढच्या आधणाचं जळण भिजलं. एक धोकाही त्यातच असतो: कोरड्या चिपाडाच्या गंजीला एक ठिणगी पुरते, म्हणून गंज चुलवाणाच्या तोंडापासून लांब असावी लागते. जागा कमी असली की नेमकं हेच पाळलं जात नाही.

दुसरा धोका काहिलीचा. रसावर मळी येते, भेंडीचा रस घालून ती काढतात. मग पाक दाटत जातो, फेस चढतो, आणि तो उतू येऊ नये म्हणून चमचाभर तेल सोडतात. साधारण 116 ते 118 अंशांना गूळ उतरवायचा असतो. गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी वळवून बघतो. ती टणक झाली की त्याचा पहिला इशारा काहिलीजवळच्या गड्यांना नसतो, तो खाली जाळ घालणाऱ्याला असतो. जाळ आधी ओढला तर गूळ चिकट राहतो, उशिरा ओढला तर करपतो. काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात रिकामी होताच तिच्यात ताजा रस ओतला जातो. रिकामी काहील जाळावर ठेवायची नाही, हा नियम मोडला तर पत्रा जातो.

जळणाची ओढाताण वाढली की काही ठिकाणी वाकडी वाट धरली जाते. पुणे जिल्ह्यातल्या काही गुऱ्हाळांत जुने टायर, प्लास्टिक, चपलांचे तुकडे जाळल्याच्या तक्रारी आल्या. उष्णता त्यातून मिळते, पण धूर गावाच्या छातीत जातो. खायच्या वस्तूच्या बुडाखाली रबर जाळण्याला काटकसर म्हणणं अवघड आहे.

मुळात तशी गरजही नसते, हे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकड्यांनी दाखवलं. त्यांनी तपासली ती चार काहिलींची भट्टी. चिपाडातून निघणाऱ्या उष्णतेपैकी गुळासाठी तत्त्वतः लागणारी उष्णता फक्त 29 टक्के भरली. मोठं नुकसान धुराड्यातून जाणाऱ्या गरम धुराचं आणि भिंतींचं होतं. धुरात ऑक्सिजन किती उरतो ते मोजून त्यांनी जाळ घालायचा वेग बांधून दिला. भट्टी तीच, धुराडं तेच. किलोभर गुळाला लागणारं चिपाड 2.39 किलोवरून 1.73 किलोवर आलं.

भारा ढकलून तंबाखू मळत बसण्याची मुभा या पद्धतीत नसते. मोठा भारा एकदम आत गेला की हवा कोंडते, न जळलेला वायू साठतो आणि भडका तोंडातून बाहेर येतो. हात-तोंड भाजतं ते अशा वेळी. थोडं थोडं, सारखं घालत राहायचं तर तोंडापाशी एक माणूस सगळा वेळ बसून हवा. हंगामात मजूर मिळत नाहीत अशा भागात तो माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न गुऱ्हाळवाल्यापुढे आज चिपाडाहून मोठा झाला आहे.