आवाजाला शब्द कुठून येतात? : पिकअपपासून जवारीपर्यंत



भिंगारला व्याख्यान, वक्ता तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि विषय इलेक्ट्रिक गिटार! हे काय भलतंच, असं आपल्याला वाटलं असेल. त्याचं असं झालं. शेजारचा एक मुलगा गिटार घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, हा आवाज मडी आहे. मला ब्राइट पाहिजे." मडी म्हणजे गढूळ, चिखलाचा. ब्राइट म्हणजे उजळ. आता आवाजाला चिखल कसा लागतो? कानाला उजेड कसा ऐकू येतो? असल्या प्रश्नांवरच आमचं पोट भरलं. तेव्हा म्हटलं, या शब्दांचा इतिहास पाहावा.

या गिटारीच्या तारांखाली जो चपटा तुकडा असतो तो पिकअप. आत लोहचुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच मोठी करून आपल्याला ऐकवतात. 1932 च्या सुमारास अमेरिकेत असं वाद्य बाजारात आलं. त्याच्या आकारामुळे लोक त्याला चक्क तवा म्हणत, फ्राइंग पॅन!

पण या वेढ्यांना तारेबरोबर आसपासच्या विजेची गुणगुणही ऐकू येई. 1955 साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन वेढे एकमेकांविरुद्ध जोडून ती गुणगुण मारली आणि पेटंटचा अर्ज केला. गुणगुण गेली, पण तिच्यासोबत आवाजातले काही वरचे उपस्वरही कमी झाले. मग वादकांनी शब्द वाटून घेतले. एकेरी वेढ्याचा तो ब्राइट, दुहेरीचा तो वॉर्म, म्हणजे उबदार. गंमत पुढेच आहे. 1957 पासून त्या पिकअपच्या तळाला 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवू लागले. आज 'पीएएफ' हे एका आवाजाचंच नाव झालं आहे. कचेरीतला शेरा रसिकांचा शब्द झाला.

आता आपल्या अंगणात येऊ. नगर-दौंड रस्त्यावरचं अरणगाव इथून काही लांब नाही. तिथे मेहेरबाबांची समाधी आहे. 'द हू' या ब्रिटिश बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड हे बाबांचे अनुयायी. 1971 साली त्यांनी एका गाण्याला 'बाबा ओरायली' हे नाव दिलं. यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. हे रायली पंडित प्राणनाथांचे शिष्य, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे. किराणा म्हटलं की महाराष्ट्राला अब्दुल करीम खाँ आठवतात, आणि खाँसाहेब म्हटलं की मिरज. गिटारीचा धागा असा थेट तंबोऱ्यापाशी येतो.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. धारेचा अंदाज असलेल्या हाताला घोडीचा उतार कळला, यात आम्हाला नवल वाटत नाही. तंबोऱ्याची तार घोडीवर एकाच बिंदूवर टेकत नाही. अगदी हलक्या उतारावर ती टेकत-सुटत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. ही जवारी. आपल्या नगर जिल्ह्यात जवारी म्हटलं की आधी भाकरी आठवते, पण ही जवारी कानाची! उपस्वर भरपूर फुलले की खुली जवारी, आवरले की बंद जवारी. आवाज गोल आहे, असंही म्हणतात.

1921 साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या वाद्यांवर निबंध लिहिला. शास्त्राचा नियम असा की, तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो, तो ऐकू येऊ नये. तंबोऱ्यात तो येतो. कारण घोडीचा उतार आणि सूत, असं रामन यांनी दाखवलं. म्हणजे कारागिराचा शब्द आणि हात आधीपासून होते, उपपत्ती मागाहून आली.

विटगेनस्टाइन यांच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा आहे. डोंगराची उंची माहीत असेल तर ती सांगता येते. क्लॅरिनेटचा आवाज कसा असतो हे माहीत असूनही सांगता येत नाही. बरोबर आहे. पण दोघं एका वाद्यापाशी बसले तर? एकाने सूत केसभर सरकवावं, दुसऱ्याने म्हणावं, "थोडी अजून." तिथे 'खुली' या शब्दाला अर्थ येतो.

आता थोडं आमच्याबद्दल. सत्तरी ओलांडली की कानातून आधी वरचे, बारीक स्वर जातात. मागे एकदा घरी तंबोरा लावत होतो. आम्हाला जवारी बंद वाटली म्हणून सूत सरकवत राहिलो. जवळ बसलेली विद्यार्थिनी संकोचून म्हणाली, "सर, मघाशीच खुली होती. आता खरखरते आहे." क्षणभर राग आला. पन्नास वर्षं वापरलेला शब्द आमच्याच हातून निसटला होता! मग ध्यानात आलं, तो आमच्या एकट्याच्या मालकीचा कधी नव्हताच. आमचा कान गेला तरी शब्द तिच्या कानात शाबूत होता. आम्ही सूत तिच्या हातात दिलं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. मानांकनाने वस्तूचं नाव राखलं जातं. 'खुली' आणि 'बंद' हे शब्द मात्र शेजारी बसूनच राखावे लागतात. मोबाइलमधल्या तंबोऱ्याला कोणी "थोडी अजून" म्हणत नाही, ही आमची काळजी.

त्या मुलाला आम्ही म्हटलं, "बाबा रे, तुझा चिखल दाखव." त्याने गिटारीवरची कळ फिरवली. मानेजवळचा पिकअप, आवाज गोल, गढूळ. घोडीजवळचा पिकअप, आवाज उजळ. तिथे वरचे उपस्वर जास्त पकडले जातात. फरक आम्हाला अर्धाच ऐकू आला असेल. पण त्याने तीनदा कळ फिरवली, तीनदा विचारलं, "आता कळलं?" तिसऱ्यांदा आम्ही हो म्हणालो, आणि ते खरं होतं.