इंग्लंडमध्ये घर फक्त 50 लाखांत? कोळशाच्या जुन्या गावांतली घरं इतकी स्वस्त का आहेत?

समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन बेडरूमचं, विटांचं दुमजली घर. देश इंग्लंड. किंमत 50 हजार पौंडांच्या आत, म्हणजे साधारण 50 ते 60 लाख रुपये. पुण्यात किंवा ठाण्यात एवढ्या पैशांत वन बीएचके मिळताना मारामार होते. त्यामुळे अशा घरांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट फिरू लागले की पहिला प्रश्न येतो, ही फसवणूक तर नाही ना?

फसवणूक नाही. ही घरं खरी आहेत आणि किंमतही खरी आहे. ब्रिटनमध्ये घराची सरासरी किंमत पावणेतीन लाख पौंडांच्या आसपास असताना काही गावांत ती इतकी खाली का आली, हे समजून घ्यायचं तर कोळशापासून सुरुवात करावी लागते.

ही गावं नेमकी कुठे आहेत?

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम नावाची काउंटी आहे. तिच्या पूर्व किनाऱ्यावर हॉर्डन, ईझिंग्टन कॉलिअरी, सीहॅम अशी गावं एकापाठोपाठ एक लागतात. 'कॉलिअरी' म्हणजे कोळशाची खाण. गावाच्या नावातच खाण आहे, कारण आधी खाण आली आणि मग गाव वसलं.

हॉर्डनची खाण 1900 च्या सुमारास सुरू झाली. कामगारांसाठी कंपनीने एकाला एक चिकटून घरांच्या रांगा बांधल्या. इंग्लंडमध्ये यांना 'टेरेस हाऊस' म्हणतात, आपल्याकडे रो-हाऊस म्हणतो तसाच हा प्रकार. घरं इतक्या घाईने बांधली गेली की हॉर्डनमध्ये गल्ल्यांना नावंही दिली नाहीत. फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट असे सरळ आकडेच दिले.

1 जानेवारी 1947 ला ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खाणींसोबत ही घरंही सरकारी कोळसा मंडळाकडे आली. कामगाराला राहायला घर आणि शेगडीला कोळसा नोकरीसोबतच मिळायचा. घर विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मग बिघडलं कुठे?

1984-85 मध्ये खाणी बंद करण्याच्या धोरणाविरोधात ब्रिटनच्या खाणकामगारांनी वर्षभर संप केला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारपुढे तो हरला. हॉर्डनची खाण 1987 मध्ये बंद झाली. ईझिंग्टनची 1993 मध्ये. 'बिली एलियट' हा गाजलेला सिनेमा संपाच्या काळातला आहे आणि त्याचं बरंच शूटिंग याच ईझिंग्टनमध्ये झालं.

या गावांत खाणीशिवाय दुसरा मोठा रोजगार नव्हता. खाण गेली तशी तरुण मंडळी बाहेर पडली. कोळसा मंडळ आपली घरं टप्प्याटप्प्याने विकून मोकळं झालं. काही तिथे राहणाऱ्या कुटुंबांनी घेतली, काही गृहनिर्माण संस्थांकडे गेली आणि बरीच दूर शहरात बसलेल्या गुंतवणूकदारांनी घेतली.

इथेच खरी गोम आहे. गुंतवणूकदाराने घर न पाहता घेतलं, भाड्याने दिलं, दुरुस्ती टाळली. भाडेकरू गेल्यावर ते रिकामं राहिलं. रो-हाऊसमध्ये एक घर रिकामं पडलं की शेजारच्या भिंतीला ओल येते. दोन घरांच्या खिडक्यांवर पत्रे ठोकले गेले की तिसरं विकलं जात नाही. मग त्याची किंमत पडते, आणि ती किंमत बघून पुन्हा नवा गुंतवणूकदार येतो. 2008 च्या मंदीनंतर अशा गल्ल्यांमधली घरं तेजीतल्या भावापेक्षा बरीच खाली आली आणि पुढे अनेक वर्षं सावरली नाहीत.

पण खाली खाण आहे, घर खचणार नाही का?

बहुतेकांना पहिली भीती हीच वाटते. प्रत्यक्षात या बाबतीत ग्राहकाला बऱ्यापैकी संरक्षण आहे.

ब्रिटनमधल्या साधारण एक चतुर्थांश मालमत्ता कोळसा क्षेत्रात येतात आणि तिथे खाणीत उतरण्याच्या 1 लाख 70 हजारांहून अधिक वाटांची नोंद आहे. या सगळ्याचे नकाशे आणि नोंदी एका सरकारी संस्थेकडे असतात. 1994 च्या कायद्याने ती स्थापन झाली तेव्हा नाव होतं कोल ऑथॉरिटी. नोव्हेंबर 2024 पासून ती मायनिंग रिमेडिएशन ऑथॉरिटी या नावाने ओळखली जाते.

घर घेताना वकील या नोंदींवरून 'कोल मायनिंग रिपोर्ट' मागवतो. आपण जमीन घेताना सातबारा काढतो, तितकंच हे नेहमीचं काम आहे. रिपोर्टमध्ये साधारण या गोष्टी कळतात:

- घराखाली कोळसा कधी आणि किती खोलीवर काढला गेला
- जवळपास खाणीची जुनी उभी विहीर, म्हणजे शाफ्ट, आहे का
- या घरासाठी पूर्वी नुकसानभरपाईचा दावा झाला होता का

खोल खाणीतून कोळसा काढल्यावर जमीन बसायची असेल तर ती सहसा काही वर्षांतच बसते. डरहॅमच्या किनाऱ्यावरच्या खाणी खोल होत्या आणि शेवटच्या काळात तर कोळसा समुद्राच्या तळाखालून काढला जात होता. जास्त त्रास देतात ती उथळ, फार जुनी खोदकामं आणि नीट न बुजवलेले शाफ्ट. म्हणून 'गाव खाणीचं आहे' एवढ्यावर निर्णय होत नाही. त्या विशिष्ट घराचा रिपोर्ट पाहावा लागतो.

आणि तडे गेलेच तर? 1991 च्या कोल मायनिंग सबसिडन्स कायद्यानुसार कोळसा खाणीमुळे घराचं नुकसान झालं तर दुरुस्ती करून देण्याची किंवा भरपाईची जबाबदारी ऑथॉरिटीवर किंवा परवानाधारक खाण कंपनीवर असते. नुकसान लक्षात आल्यापासून 6 वर्षांच्या आत नोटीस द्यावी लागते. मात्र तडे कोळशामुळेच गेलेले असले पाहिजेत. पाया कच्चा असेल किंवा माती आकसली असेल तर हा कायदा लागू होत नाही.

थोडक्यात, जमिनीच्या धोक्याची जबाबदारी कायद्याने कुणावर तरी टाकली आहे. शेजारची चार घरं रिकामी पडली तर त्या नुकसानीची भरपाई मात्र कोणताही कायदा देत नाही.

स्वस्त घराचा खरा खर्च किती?

जाहिरातीतली किंमत ही फक्त सुरुवात असते. पुढचे मुद्दे घर बघण्याआधीच माहीत असलेले बरे.

- लिलाव: सर्वात स्वस्त घरं बऱ्याचदा लिलावात निघतात. हातोडा पडला की करार झाला. साधारणपणे 10 टक्के रक्कम त्याच दिवशी आणि उरलेली 28 दिवसांत भरावी लागते. मागे फिरलात तर भरलेले पैसे जातात. त्यामुळे वकिलाकडून कागद तपासून घेणं आणि घर आतून पाहणं हे बोली लावण्याआधीचं काम आहे.
- कर्ज: अनेक बँका ठरावीक रकमेपेक्षा कमी किमतीच्या घराला कर्जच देत नाहीत. म्हणजे ज्याला स्वस्त घराची सर्वात जास्त गरज आहे त्यालाच रोख पैसे उभे करावे लागतात.
- दुरुस्ती: घरं शंभरेक वर्षांची आहेत. ओल, गळकं छप्पर, जुनी वायरिंग, बंद पडलेला बॉयलर हे नेहमीचे दुखणे. अशा घरांसाठी सर्व्हेअरकडून लेव्हल 3 ची सविस्तर तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.
- घरपट्टी: तिकडे तिला कौन्सिल टॅक्स म्हणतात. घराचा गट 1991 च्या किमतीवरून ठरतो, त्यामुळे ही घरं सहसा सर्वात खालच्या 'ए' गटात असतात. पण एप्रिल 2024 पासून वर्षभर रिकाम्या आणि विनाफर्निचर घरावर दुप्पट कर लावायची मुभा इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांना मिळाली आहे. घेऊन ठेवू, पुढे बघू, हा विचार महागात पडतो.
- भाड्याने द्यायचं असेल तर: घराला ऊर्जा बचतीचं किमान 'ई' मानांकन लागतं. शिवाय डरहॅम काउंटी कौन्सिलने 1 एप्रिल 2022 पासून 5 वर्षांसाठी अनेक भागांत खासगी घरमालकांना परवाना सक्तीचा केला. रिकामी घरं आणि बेफिकीर घरमालक, या दोन्हींना आळा घालण्यासाठी हे पाऊल उचललं गेलं.

तिथे राहायला कसं आहे?

1951 मध्ये डरहॅमच्या कौन्सिलने खाणींच्या गावांची वर्गवारी केली होती. ज्या गावांना भविष्य नाही असं ठरलं त्यांना 'डी' वर्ग मिळाला. तिथे नवी बांधकामं थांबवून गावं हळूहळू संपू द्यायची, असं धोरण होतं. या यादीत पुढे 121 गावं आली. लोकांनी विरोध केला आणि 1977 मध्ये धोरण मागे पडलं. काही वस्त्या पाडल्या गेल्या, पण बहुतेक गावं टिकली. कारण तिथली माणसं हलली नाहीत.

त्या चिवटपणाच्या खुणा आजही दिसतात. दरवर्षी जुलैमध्ये डरहॅम शहरात खाणकामगारांचा मोठा मेळावा भरतो. खाणी उरलेल्या नाहीत, पण गावोगावचे लोक आपापल्या खाणीचा झेंडा आणि बँड घेऊन येतात. हॉर्डनच्या बागेत एका खाणकामगाराचा पुतळा आहे. त्याच्या छातीतून काळीज ओढून काढलेलं दाखवलं आहे. पुतळ्याचं नाव 'मारा', तिथल्या बोलीत दोस्त.

परिसरही बदलला आहे. कित्येक दशकं खाणीचा कचरा समुद्रात टाकल्यामुळे इथले किनारे काळे पडले होते. 1997 नंतर मोठी मोहीम राबवून ते साफ केले गेले. हॉर्डनचं रेल्वे स्टेशन 1964 मध्ये बंद झालं होतं. नवं स्टेशन 29 जून 2020 ला सुरू झालं आणि न्यूकॅसल, संडरलँड, मिडल्सब्रोला थेट गाडी मिळू लागली. संडरलँडला निस्सानचा मोठा कारखाना आहे. नोकरी तिकडे असेल किंवा काम घरून चालत असेल, तर घरासाठी वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज डोक्यावर न घेता समुद्राजवळ राहता येतं. नोकरी गावातच हवी असेल तर मात्र पर्याय मोजके आहेत.

जुन्या खाणीही आता वेगळ्या कामाला येत आहेत. बंद खाणींत साठलेलं पाणी कोमट असतं. त्या उष्णतेवर इमारती गरम ठेवण्याचा प्रकल्प जवळच्याच गेट्सहेडमध्ये 2023 मध्ये सुरू झाला.

भारतातून हे घर घेता येतं का?

येतं. परदेशी नागरिकांना तिथे घर घेण्यावर बंदी नाही. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते आणि त्यात घरखरेदीही चालते.

पण दोन गोष्टी रीलमध्ये सांगितल्या जात नाहीत. एक, घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. दुसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. तिथे राहणाऱ्या आणि पहिलंच घर घेणाऱ्या माणसाला 50 हजार पौंडांच्या घरावर काहीच शुल्क नाही. पण पुण्यात स्वतःचा फ्लॅट असेल तर तोही मोजला जातो आणि 5 टक्के जादा शुल्क लागतं. शिवाय ब्रिटनबाहेर राहता म्हणून आणखी 2 टक्के. एकूण 7 टक्के, म्हणजे 50 हजारांवर साडेतीन हजार पौंड. किंमत 40 हजार पौंडांच्या खाली असेल तरच हे जादा शुल्क लागत नाही.

महाराष्ट्राने यातून काय बघावं?

खाण बंद होते, गाव मागे राहतं, ही गोष्ट फक्त इंग्लंडची नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांत कोळशावर उभी राहिलेली गावं आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये, आमराई वॉर्डातलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. त्या भागाखाली जुनी भूमिगत खाण होती. कुटुंब वेळीच बाहेर पडल्यामुळे जीव वाचले. आसपासच्या घरांमधल्या लोकांना मात्र हलवावं लागलं.

आपल्या घराखाली कधी, किती खोल खोदकाम झालं हे डरहॅममधला साधा ग्राहक थोडी फी भरून विचारू शकतो आणि तडे गेल्यास कुणाला नोटीस द्यायची हेही त्याला माहीत असतं. खाणपट्ट्यात प्लॉट किंवा घर घेताना हाच प्रश्न विक्रेत्याला, ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला आणि खाण कंपनीला लेखी विचारायला हवा. उत्तर हातात येईपर्यंत बयाणा देऊ नये.