ओल्या विकेटवरचा रविवार

परळ स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. तारीख 22 ऑगस्ट 1971, वार रविवार, सकाळचे आठ वाजायचे आहेत. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात, एका गिरणीच्या हिशेब खात्यात कारकून आहात आणि कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबकडून खेळता. ऑफस्पिन टाकता, बॅटिंगला आठव्या नंबरवर जाता. त्या वयात मी जिथे होतो तिथेच तुम्हाला उभं करतो आहे.

क्लबची किटबॅग आज तुमच्या खांद्यावर आहे. लांबलचक, कॅनव्हासची, पावसाने आणखी जड झालेली. आत पॅडचे तीन जोड, त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला, तिथे सुतळी बांधलीय. हिरव्या रबरी काट्यांचे ग्लोव्हज. दोन बॅटी, जवसाचं तेल पाजलेल्या. हेल्मेट शोधू नका, ते अजून कुणी पाहिलेलं नाही. गाडीत शिरताना बॅग आडवी होते, तरी कुणी कुरकुरत नाही. दारातले एक गृहस्थ सरकून जागा देतात आणि विचारतात, "कुठे मॅच?"

"आझाद मैदान."

"पाऊस थांबेल का?"

"थांबायला कशाला पाहिजे?"

ते हसतात. या शहरात हे उत्तर सगळ्यांना कळतं.

समोरच्या बाकावर एकाने महाराष्ट्र टाइम्स उघडलाय आणि चार डोकी त्यात घुसली आहेत. लंडनला ओव्हलवर तिसरी कसोटी चालू आहे. इंग्लंड 355. शुक्रवार पावसात गेला. काल संध्याकाळी आपले 7 बाद 234. आज तिथे विश्रांतीचा दिवस. अकरातले सहा जण आपल्या मुंबईचे: कप्तान वाडेकर, गावसकर, अशोक मांकड, मडगावात जन्मलेले सरदेसाई, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर आणि दादर पारशी कॉलनीचे फारुख इंजिनिअर. बाकावरचा म्हातारा म्हणतो, "गेली मॅच. आता ड्रॉ झाली तरी देव पावला." तुम्हाला मंगळवारचं ठाऊक आहे. पण तुम्ही पाहुणे आहात या दिवसाचे. तोंड मिटून बसा.

व्हीटीला उतरून रस्ता ओलांडा. महापालिकेच्या इमारतीकडे पाठ केलीत की समोर गवत. मुंबईच्या पावसाळ्यातलं गवत, काही ठिकाणी पोटरीपर्यंत. त्या गवतात मधेमधे काळपट तपकिरी पट्ट्या दिसतात, त्या खेळपट्ट्या. 22 खेळपट्ट्यांचं मैदान म्हणून याची ख्याती. एका मॅचचा डीप मिडविकेट दुसऱ्या मॅचच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो आणि दोघांनाही आपापल्या बॉलवर नजर ठेवायची सवय झालेली असते. बाहेरून बघणाऱ्याला गोंधळ वाटतो. खेळणाऱ्याला मात्र दुसऱ्या मॅचचा बॉल दिसतही नाही, फक्त अंगावर आला तर उचलून फेकायचा असतो.

क्लबच्या तंबूत शिरा. जमिनीवर फळ्या, खाली पाणी. कोपऱ्यात ओल्या चामड्याचा आणि मातीचा वास इतका दाट की तो कपड्यांतून सोमवारपर्यंत जात नाही. बूट घाला, खिळे तपासा. कॅप्टन आधी माळीमामांकडे जातो, टॉस नंतर. खेळपट्टीवर झाकण नाही, झाकायचं नसतंच. कांगा लीगचा सगळा जीव त्यातच आहे.

डॉ. होरमसजी कांगा 1911 साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातले फलंदाज. त्याच दौऱ्यात पळवणकर बाळूंनी शंभरावर बळी घेतले. कांगांच्या नावाची ही लीग 1948 मध्ये सुरू झाली, विजय मर्चंट यांचा तिच्यामागे आग्रह होता. आपले फलंदाज इंग्लंडच्या ओल्या विकेटवर गडबडतात, तर पावसाळा घरात बसून का घालवायचा, हा त्यामागचा साधा विचार. जगात पाऊस आला की क्रिकेट थांबतं. मुंबईत जुलैत सुरू होतं. माझ्या मते भारतीय क्रिकेटमध्ये इतकी शहाणी कल्पना दुसरी कुणाला सुचली नाही.

माळीमामा अंगठ्याने विकेट दाबून बघतात आणि एवढंच सांगतात, "ऊन पडायच्या आत खेळून घ्या." चिखल मऊ असतो तोवर बॉल हळू येतो, थांबून येतो. पण ऊन पडून वरचा थर सुकायला लागला की तोच बॉल टप्प्यावरून अंगावर उसळतो किंवा घोट्यापाशी खाली राहतो. टॉस आपण जिंकतो, बॅटिंग घेतो.

6 बाद 41. तुमची पाळी.

गार्ड घ्या. पुढच्या पायाजवळ मऊ चिखल, मागच्या पायाखाली निसरडं. पहिला बॉल टप्पा पडून जणू विचार करतो आणि मग येतो. हात पुढे गेले तर कॅच. हात सैल सोडा, बॉल अंगाजवळ येऊ द्या, उशिरा खेळा. दुसरा बॉल झकास बॅटीवर बसतो, कव्हरमधून जातो आणि दहा पावलांवर गवतात थांबतो. इथे सुंदर ड्राइव्हला एक धावसुद्धा मिळत नाही. धावा हव्या असतील तर उचलून मारायला लागतं, आणि उचलून मारायचं तर बॉल निवडायला शिकावं लागतं. ओल्या विकेटवर रविवारमागून रविवार घालवलेला फलंदाज पुढे कोरड्या विकेटवर जातो तेव्हा त्याला सगळं सोपं वाटतं. मी ही गोष्ट कसोटीपटूंच्या तोंडून ऐकलेली नाही. ती माझ्या हातांना कळलेली आहे.

तुम्ही उचलून मारता. बॉल लाँगऑनच्या पुढे गवतात पडतो आणि नाहीसा होतो. दोन क्षेत्ररक्षक पायाने गवत विंचरतायत, शेजारच्या मॅचचा माणूसही वाकून मदत करतोय, आणि तंबूतून ओरडा येतो, "पळा, पळा!" तुम्ही पळता. बॉल सापडेपर्यंत तीन. पुढच्याच ओव्हरमध्ये पायचीत. अकरा धावा. डाव 78 वर संपतो आणि तंबूत सगळे खूश, कारण या विकेटवर 78 म्हणजे पुष्कळ.

डबे उघडतात. पोळी-भाजी, कुणाच्या डब्यात सुका जवळा, कुणाच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, आणि डबे फिरत राहतात. कुणी विचारत नाही कोण कुठल्या आळीतला. बाजूच्या तंबूतला एक वयस्कर गृहस्थ येऊन बसतो. त्याला स्कोअर सांगा. तो लगेच लंडनकडे वळतो. "वाडेकर जमवेल रे. कांगाचा माणूस आहे." सकाळपासून ऐकलेल्या अंदाजांत हा पहिला बरोबर अंदाज. त्याला नुसतं होय म्हणा.

आता ऊन. ढगांतून आलेलं, तिरपं, चिकट. विकेट सुकू लागलीय आणि बॉल तुमच्या हातात आहे.

कमरेला टॉवेल खोचा. प्रत्येक बॉलआधी पुसा, तरी शिवण बोटांना सरकतेच. खिळ्यांत चिखल भरतो, अंपायरजवळ पडलेल्या काडीने तो खरवडा, नाहीतर उडी घेताना पाय जाईल. बॉल खूप वळवायचा मोह होतो. नका वळवू. फ्लाइट थोडी कमी ठेवा, टप्पा त्याच जागी टाकत राहा, बाकीचं विकेट करते. हा संयम शिकायला मला तीन पावसाळे लागले. शॉर्ट लेगला आपला सर्वांत बारीक पोरगा उभा आहे, फलंदाजाच्या खिशाजवळ. त्या वर्षी मुंबईतल्या प्रत्येक क्लबात एक पोरगा सोलकर व्हायच्या नादात तिथे उभा राहायचा, ना गुडघ्याला काही, ना डोक्यावर काही. बॉल उसळतो, ग्लोव्हला लागतो, पोरगा चिखलात आडवा होऊन हात वर करतो. हातात बॉल. त्याचा चेहरा बघून घ्या. स्कोअरबुकात या कॅचसाठी फक्त एक आडनाव लिहिलं जाणार आहे.

समोरचा संघ 59 वर बाद. पहिल्या डावातली आघाडी आपली, गुण आपले. तुमच्या चार विकेट. क्लबच्या बाहेर हे कुणालाही कळणार नाही, आणि आज रात्री झोप येणार नाही इतका हा आनंद आहे.

संध्याकाळी धोबीतलावला कयानीत बनमस्का आणि चहा. तिथे वाद पेटतो, डावखुरे फिरकीपटू शिवलकर यांचा. संघातली तीच जागा बेदींची. बेदी लंडनला, शिवलकर मुंबईत. कसोटीची टोपी त्यांना मिळणार की नाही? तुम्हाला उत्तर माहीत आहे: कधीच नाही. प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि कसोटी एकही नाही. पण दीड-पावणेदोन वर्षांनी, 1973 मध्ये, चेपॉकवरच्या रणजी फायनलला पद्माकर शिवलकर तमिळनाडूला 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेऊन गुंडाळतील. वळणाऱ्या विकेटवर टप्पा कुठे ठेवायचा, हे त्यांना पावसाळी रविवारांनी शिकवलं होतं. त्यांच्यावर अन्याय झाला असं मी आजही ठामपणे म्हणतो.

सोमवारी ऑफिसात खांदा ठणकतो, लेजरचे आकडे नाचतात. रात्री ट्रान्झिस्टरभोवती अख्खा मजला. चंद्रशेखर 38 धावांत 6. इंग्लंड सर्वबाद 101. सोलकरने शॉर्ट लेगवरून पुढे झेप घेऊन नॉटला टिपलं. मंगळवारी गणेश चतुर्थी. तिकडे ओव्हलवर आपल्या लोकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणली होती. इकडे आरतीच्या सुमाराला तिकडे अबिद अलीने चौकार मारला आणि भारत चार गडी राखून जिंकला. इंग्लंडमध्ये पहिली कसोटी, पहिली मालिका. मजल्यावर मोदक कमी पडले.

आता परत या.

त्या विजयाचं श्रेय ज्यांचं त्यांना मिळालं, ते योग्यच झालं. पण 1958-59 पासून मुंबईने रणजी करंडक सलग पंधरा वर्षं जिंकला, तो केवळ पंधरा-वीस थोर खेळाडूंच्या जोरावर नाही. गावसकर निर्लॉनचे, वाडेकर स्टेट बँकेचे, सोलकर मफतलालचे. तरीही पावसाळ्यातल्या रविवारी हीच माणसं मैदानावर यायची आणि समोर कारकून, शिक्षक, गिरणीतले जॉबर असायचे. त्या कारकुनाने आपली विकेट फुकट दिली नाही, म्हणून कसोटीपटूला ती मेहनतीने काढावी लागली. मुंबईचा खडूसपणा म्हणतात तो असा खालून वर गेला. आम्ही बहुतेक जण ए डिव्हिजनपर्यंतही पोचलो नाही, पण मुंबई क्रिकेटचा पाया आम्ही होतो, आणि हे मी अभिमानाने सांगतो.

एक विनंती आहे. आमच्या पिढीतली स्कोअरबुकं तंबूंच्या ट्रंकांत होती. कित्येक भिजली, कित्येक वाळवीने खाल्ली, काही क्लब तर नावापुरतेही उरले नाहीत. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी काका, मामा, आजोबा कांगा लीग खेळलेले असतील तर त्यांच्यापाशी बसा. कुठला क्लब, कुठलं मैदान, कॅप्टन कोण, शॉर्ट लेगला कोण उभं राहायचं, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. फोटो असेल तर मागे नावं लिहा. सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसं आहेत ही. पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका.